सोम-बुध-शुक्र, पहिली पाळी

पहाटे साडेपाचला, तळ्यावर अजून अंधार असताना
आम्हा चौघांना सुया टोचून होतात
आणि ओडेल म्हणतो, काल पाहिलंत?
काल म्हणजे नऊ-एक. सलग अकरावी हार.
पाहिलं नाही असं कोण म्हणणार?
झोप येतेच कुणाला.

यंत्रं घरघरू लागतात.
खिडकीजवळच्या खुर्चीतला वॉयटोविच,
पोलादाच्या भट्टीवर तीस वर्षं काढलेला,
म्हणतो, त्या ब्रॅनिगनला चौथ्या नंबरवर धाडतात तरी का?
चौथा म्हणजे घरातला कर्ता.
हा तीनदा बॅट फिरवतो
आणि हवेचा अपमान करून परत येतो.

डेल्फीनबाईंना उजवा हात हलवायची मनाई,
त्यामुळे विणकाम बंद, तोंड चालू.
क्रमाचं काय घेऊन बसलात, त्या म्हणतात,
आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून?
ओकेन्दोची मांडी गेली एप्रिलमध्ये.
टॅल्बर्टचं मनगट, त्याच्याच आईच्या वाढदिवशी.
आणि तो लिंडक्विस्ट, एकवीस वर्षांचं पोर,
ताशी अठ्ठ्याण्णव मैलांनी चेंडू टाकायचा,
कोपरातला बंध तुटला.
आता मनगटातली दोरी काढून कोपरात ओवणार म्हणे.
चौदा महिने.

चौदा महिने, वॉयटोविच म्हणतो,
आणि मोजल्यासारखं छताकडे बघतो.

मग ओडेल आपला डावा हात पुढे करतो.
धमनीला शीर जोडलेली, दंडावर फुगलेली,
हात लावला तर आत मांजर गुरगुरतंय असं वाटतं.
माझंही जोडकाम झालंय, तो म्हणतो,
बोलवा मॅनेजरला. वेग बघा, यंत्रावरच लिहिलाय,
चारशे!
डेल्फीनबाई इतक्या हसतात की त्यांचं यंत्र ओरडू लागतं
आणि इमेल्डा धावत येते.

मी शाळेची बस चालवायचो.
आरशात मागे बघून कोण कुणाशेजारी बसवायचा
हे मला कळतं. म्हणून संघ मीच लिहितो,
आहाराच्या तक्त्याच्या पाठीवर.
पुढच्या बाजूला केळं नको, बटाटा नको, शेंगदाणे तर नकोच
(शेंगदाण्यांशिवाय स्टेडियममध्ये जाऊन करायचं काय?),
मागच्या बाजूला नऊ नावं, सहा खोडलेली.
दुखावलेले वगळले तर उरतात पाच
आणि एक कॅचर, ज्याला गुडघे वाकवताना
देवाचं नाव घ्यावं लागतं.

सुई सारखी करता करता इमेल्डा विचारते,
ओकेन्दो कोण?
तिच्या गावी बास्केटबॉल. हा खेळ तिला
लग्नातल्या लांबलेल्या भाषणासारखा वाटतो.
आम्ही सांगतो. मांडी. धावता येत नाही. पण चेंडू मारतो.
मग जिथे कमी धावावं लागतं तिथे उभा करा की, ती म्हणते,
आणि पट्टी घेऊन निघून जाते.

पहिला बेस.
आम्ही चौघं गप्प.
एकशे तीन वर्षं हा खेळ बघितलाय आम्ही,
सगळ्यांची मिळून.

बुधवारी आलो तर वॉयटोविच अजून बूट काढतोय
आणि ओरडतोय, उभा केला! पहिल्या बेसवर!
हरलो. पण पाच-चार.
ओकेन्दोचे दोन फटके, एक कुंपणापार,
आणि तो सावकाश, बागेत फिरायला आल्यासारखा
चारही कोपरे चालत आला.

पाचवी खुर्ची क्विन्योनेसची होती.
मार्चमध्ये रात्री दोनला त्याला फोन आला,
मूत्रपिंड मिळालं.
आम्ही म्हणतो, वरच्या संघात गेला.
त्याने पोस्टकार्ड पाठवलंय,
त्यावर त्याच्या हातात केळं आहे, निर्लज्ज.

साडेनऊला सुया निघतात.
आपापल्या भोकावर कापूस दाबून
दहा मिनिटं बसायचं असतं.
खाली गाडी हॉर्न देतेय.
कॅचरचा प्रश्न तसाच आहे.
डेल्फीनबाई म्हणतात, त्याचे गुडघे सप्टेंबर बघणार नाहीत,
ओडेल म्हणतो, लावता पैज?
लावता, त्या म्हणतात,
आणि डाव्या हाताने कोटाचं बटण शोधत राहतात.